रिकामं गेट

परवा रात्री पावणेदोन वाजता मी एका विमानतळाचा मालक होतो आणि माझ्या विमानतळाची पार वाट लागली होती.

घाबरू नका, लॉटरी वगैरे लागलेली नाही. ‘एअरपोर्ट सीईओ’ नावाचा एक गेम आहे. एका छोट्या स्वीडिश टीमने बनवलेला, २०२१ साली पूर्ण स्वरूपात बाहेर आला. त्यात गोळीबार नाही, राक्षस नाहीत, राजकन्या तर नाहीच नाही. रिकामी जमीन मिळते, तिच्यावर धावपट्टी बांधायची, टर्मिनल बांधायचं, विमान कंपन्यांशी करार करायचे आणि कुठलं विमान कुठल्या वेळी कुठल्या गेटवर लागणार ते ठरवायचं. दिवसभर ऑफिसात जिरा आणि एक्सेल बघून आलेला माणूस रात्री घरी येऊन पुन्हा वेळापत्रकच भरत बसतो, याला काय म्हणावं! आमच्या सौ.नी त्याला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर गेमचा मुख्य भाग म्हणजे एक तक्ता. डावीकडे एकाखाली एक गेट, वरती आडवे तास. विमान कंपन्या फेऱ्या देऊ करतात, आपण त्या उचलून तक्त्यात ठेवायच्या. (गेममध्ये गेटला स्टँड म्हणतात, पण आपण सोयीसाठी गेटच म्हणू.) प्रत्येक फेरीचे पैसे मिळतात. आता मला सांगा, मध्यमवर्गीय मराठी माणसाला तक्त्यात एखादी जागा रिकामी दिसली तर काय होतं? पोटात कालवतं. पंख्याखाली कुणी नसताना पंखा चालू दिसल्यावर होतं ना, अगदी तसंच. मीही तेच केलं. सहा गेट, आणि सहाच्या सहा सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत ठासून भरली. एक विमान निघालं की दहा मिनिटांत दुसरं हजर. स्क्रीनवर इतकं सुंदर दिसत होतं की मी स्क्रीनशॉट काढून ठेवला.

पहिले दोन दिवस (गेममधले) पैसाच पैसा. तिसऱ्या दिवशी सकाळी तीन नंबरच्या गेटवर इंधनाची गाडी उशिरा पोचली. विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं. फक्त वीस मिनिटं! पण त्याच्या मागून येणाऱ्याला गेट नाही. ते अडकलं. ते उशिरा आलं म्हणून सामान उतरवणारी माणसं तिकडे अडकली, म्हणून पाच नंबरचं विमान रखडलं. संध्याकाळपर्यंत सगळा तक्ता लालभडक. सगळ्यात वाईट म्हणजे तीन नंबरचं मूळ विमान केव्हाच निघून गेलं होतं, ज्या इंधनाच्या गाडीमुळे हे झालं ती केव्हाची मोकळी होती, तरी उशीर मात्र जागचा हलत नव्हता. उलट वाढतच होता.

तेवढ्यात अण्णा पाणी प्यायला उठले.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका डेपोत एसटीचे वाहतूक नियंत्रक होते. आमच्या भाषेत कंट्रोलर. लाल गाड्या, खिडकीची केबिन, समोर माईक, “...कडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे,” तेच ते. आयुष्यभर गाड्या लावल्या, आता हिंजवडीला माझ्याकडे येऊन-जाऊन असतात. मागे उभं राहून त्यांनी मिनिटभर स्क्रीनकडे पाहिलं.

“हे फलाट का रे?”

“हो अण्णा. विमानांचे.”

“आणि स्पेअर कुठंय?”

“स्पेअर म्हणजे?”

“अरे, एक फलाट मोकळा ठेवायचा असतो. एक गाडी, एक ड्रायव्हर राखीव. तू तर सगळंच कामाला लावलंयस.” आणि पाण्याचा तांब्या घेऊन गेले झोपायला.

मी बसलो तोंड वासून. चाळीस तास खेळून जे कळलं नव्हतं, ते त्यांना एका मिनिटात दिसलं होतं!

आता दुसरी गोष्ट. ही लिहायला जरा लाज वाटतेय, पण लिहितो.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामाहून परत येत होतो. विमान आधी चाळीस मिनिटं लेट, मग दीड तास, मग “पुढील सूचनेपर्यंत”. कारण काय तर ‘येणारं विमान उशिरा येत आहे’. बाहेर स्वच्छ ऊन. पाऊस नाही, धुकं नाही. लोक खवळले. मीही खवळलो. काउंटरवर एक मुलगी होती, फार तर तेवीस-चोवीस वर्षांची, तिच्यावर आवाज चढवला. “ऊन पडलंय बाहेर, आम्हाला काय मूर्ख समजता?” असं काहीतरी. ती शांतपणे म्हणाली, “सर, विमान सकाळी दुसऱ्या शहरात धुक्यात अडकलं होतं.” मी म्हटलं, “सकाळचं धुकं दुपारी चार वाजता कसं काय?” माझ्या मागच्या दोघा-तिघांनी वाहवा केली. मला फार भारी वाटलं.

सकाळचं धुकं दुपारी चार वाजता कसं, याचं उत्तर माझ्या तीन नंबरच्या गेटने परवा रात्री दिलं.

गणित साधं आहे. आपल्याकडे देशांतर्गत मार्गावरचं एक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या सहज मारतं. मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून पुणे, पुण्याहून बेंगळुरू, असं फिरत राहतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये जमिनीवर अर्धा तास किंवा त्याहूनही कमी. तेवढ्यात माणसं उतरवायची, सफाई, इंधन, सामान, खाणंपिणं, नवी माणसं चढवायची, दारं बंद. या अर्ध्या तासात भरून काढायला काहीच शिल्लक नसतं. त्यामुळे पहिल्या फेरीतला उशीर पाचव्या फेरीपर्यंत तसाच चालत येतो, वाटेत आणखी दोन-चार मिनिटं गोळा करत. अमेरिकेत जून २००३ पासून विमान कंपन्यांना उशिराची कारणं सरकारला कळवावी लागतात. त्या वर्गवारीत हवामान, सुरक्षा वगैरेंच्या जोडीला ‘उशिरा आलेलं विमान’ हा एक स्वतंत्र रकाना आहे, आणि एकूण मिनिटांच्या हिशोबात तो कायम वरच्या नंबरात असतो. म्हणजे उशिराचं एक मोठं कारण काय, तर आधीचा उशीर!

ती मुलगी खरं बोलत होती. मूर्ख मीच होतो.

इंजिनियर लोकांनी कॉलेजात क्यूइंग थिअरी पाठ करून पेपरात ओकलेली असते. मीही ओकली होती. एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९०९ च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगांवरून हे सगळं सुरू केलं. त्यातलं सगळ्यात साधं सूत्र घ्या. एकच खिडकी आहे, गिऱ्हाईकं कधीही येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल, तर एका गिऱ्हाइकाला जेवढा वेळ लागतो त्याच्या सरासरी ४ पट वेळ रांगेत जातो. ९० टक्के असेल तर ९ पट. आणि ९५ टक्के असेल तर? १९ पट! म्हणजे एका विमानाला धावपट्टी दीड मिनिट लागते असं धरलं, तर ८० टक्क्यांना ६ मिनिटं थांबायचं, ९५ टक्क्यांना साडेअठ्ठावीस. खरी विमानं अशी वाटेल तेव्हा येत नाहीत, वेळापत्रक असतं, म्हणून आकडे इतके वाईट नसतात. पण वळण तेच. शेवटच्या पाच-दहा टक्क्यांत सगळं हाताबाहेर जातं.

हे फक्त गेममध्ये होतं असं नाही. आपल्या मुंबईचंच घ्या. तिथे धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एवढ्यावर मुंबईने २०१८ च्या डिसेंबरमध्ये एका दिवसात हजाराहून जास्त विमानांची ये-जा करून दाखवली. आपण सगळ्यांनी छाती फुगवली. मीही मित्रांना मेल फॉरवर्ड केली होती. पुढे काय झालं? फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारलाच सांगावं लागलं की गर्दीच्या तासांत ताशी ४६ ऐवजी ४४ आणि एरवी ४४ ऐवजी ४२ च विमानं घ्या. का, तर मुंबईवर विमानं ४०-६० मिनिटं घिरट्या घालत होती. सरकारी पत्रकातच हिशोब होता: ४० मिनिटांच्या घिरट्यांना अंदाजे १.७ किलोलीटर इंधन, म्हणजे साधारण १ लाख ८० हजार रुपये. एका विमानाचे! आणि कारण काय दिलं होतं? वेळांचं वाटप करताना मध्ये मोकळीक फारच कमी ठेवली होती, कंपन्या ठरलेली वेळ पाळत नव्हत्या, आणि गर्दीच्या वेळी खासगी विमानंही मध्ये घुसत होती.

अण्णांच्या भाषेत, स्पेअर फलाट नव्हता.

तासाला दोन विमानं कमी. कागदावर हा तोटा दिसतो. कुणीतरी नक्की म्हणालं असेल, अहो दिवसाला इतक्या फेऱ्या बुडाल्या! पण आकाशात घिरट्या घालणारं विमान कुठल्याच कागदावर ‘रिकामं’ दिसत नाही. ते कामात असल्यासारखंच दिसतं. फक्त पुढे सरकत नाही.

आणि गेटचं तेच विमानांचं, विमानांचं तेच माणसांचं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत बर्फाचं वादळ आलं. सगळ्याच कंपन्यांना फटका बसला, पण बाकीच्या दोन-तीन दिवसांत सावरल्या. साउथवेस्ट नावाची कंपनी मात्र कोसळलीच. सोळा हजारांहून जास्त उड्डाणं रद्द, वीस लाखांच्या आसपास प्रवासी अडकले. कारण वादळानंतर कुठला पायलट कुठल्या गावात आहे याचा हिशोब त्यांच्या सॉफ्टवेअरला झेपेना. पायलट स्वतः फोन करून “मी इथे आहे” सांगायला तासन् तास होल्डवर. (सॉफ्टवेअरवाल्यांनो, हसू नका. आपल्यापैकीच कुणीतरी ते लिहिलं होतं.) मग डिसेंबर २०२५ ला आपल्याकडे इंडिगोचं झालं. पायलटांना जास्त विश्रांती देणाऱ्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला होता. नियम अचानक आला नव्हता, तारखा आधीपासून माहीत होत्या. पण माणसं इतकी मोजून-मापून ठेवलेली, की ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द. शेवटी सरकारला त्या नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. म्हणजे बघा, राखीव माणसं नव्हती तर आहेत त्यांचीच झोप राखीव म्हणून वापरली.

आता तुम्ही म्हणाल, शहाणपणा पुरे, पण मोकळं गेट, राखीव विमान, जादा पायलट याचे पैसे कोण देणार? प्रश्न रास्त आहे. उभं विमान म्हणजे बँकेचा हप्ता चालू आणि कमाई शून्य. आणि तिकिटं स्वस्त झाली म्हणूनच माझी आई साठीनंतर का होईना पहिल्यांदा विमानात बसली. ती स्वस्ताई याच खेचाखेचीतून आली आहे, हे विसरून चालणार नाही. मला ती परत महाग करायची नाही.

पण पैसे आपण आत्ताही देतोच की! फक्त तिकिटात दिसत नाहीत. हुकलेल्या मीटिंगमध्ये देतो, पुढच्या गाडीच्या बुडालेल्या रिझर्व्हेशनमध्ये देतो, विमानतळावरच्या अव्वाच्या सव्वा सामोशात देतो. घिरट्यांच्या इंधनात कंपनी देते. आणि सगळ्यात जास्त देते ती काउंटरवरची मुलगी, जिने वेळापत्रक बनवलेलं नाही, ज्याने बनवलं त्याला ती कधी भेटलेलीही नाही. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत धुक्यामुळे रखडलेल्या विमानात, उशिराची सूचना देणाऱ्या पायलटवर एका प्रवाशाने चक्क हात उचलला होता. व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मी तेव्हा “काय लोक असतात!” असं म्हणालो होतो. मागच्या महिन्यात मी हात उचलला नाही एवढंच.

आणि प्रश्न सगळं मोकळं ठेवण्याचा नाहीच. परवा अण्णांचं ऐकून मी गेममध्ये दोनच गोष्टी केल्या. सहापैकी एक गेट पूर्ण रिकामं ठेवलं. आणि उरलेल्या पाचांवर दुपारी एकदा तासाभराची पोकळी ठेवली, म्हणजे सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत जाऊ नये. कमाई थोडी घटली, खोटं कशाला बोलू. पण इंधनाची गाडी अजूनही अधूनमधून अडकते आणि आता फार काही होत नाही. ते विमान रिकाम्या गेटवर जातं, दुपारपर्यंत सगळं मार्गी लागतं. चार-पाच दिवसांचा हिशोब केला तर कमाई आधीपेक्षा जास्तच निघाली, कारण कंपन्या चिडून करार मोडत नाहीत.

सकाळी चहा पिताना अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, “मुक्कामी गाडी का असते तुला माहिती आहे का? रात्री गावात नुसती उभी असते. कुणाला वाटेल फुकट उभी आहे. पण ती रात्री तिथं असते म्हणून सकाळची पहिली फेरी वेळेवर सुटते. पहिली फेरी बिघडली की दिवस बिघडला.” मग म्हणाले, “वरून साहेब यायचे. म्हणायचे, ही गाडी उभी का, हा ड्रायव्हर बसून का. आम्ही म्हणायचो, साहेब, घाटात गाडी बंद पडली की सांगतो का ते.”

हे ऐकून माझा चहा गार झाला. कारण ‘साहेब’ मी आहे.

गेल्या तिमाहीत मी वरच्या लोकांना एक स्लाइड दाखवली होती. टीम युटिलायझेशन ९६ टक्के. हिरव्या रंगात, ठळक. कौतुकही झालं. त्याच तिमाहीत रिलीजच्या आदल्या आठवड्यात क्लायंटकडून एक साधा बदल आला. दोन दिवसांचं काम. पण दोन दिवस मोकळा माणूसच नव्हता! एकाचं काम दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर, आणि शेवटी हे सगळं जाऊन पडलं ते टीममधल्या सगळ्यात नव्या मुलावर. त्याने बहिणीच्या साखरपुड्यासाठी महिनाभर आधी रजा टाकली होती. मी ती रद्द करायला सांगितली नाही हो, मी एवढा वाईट नाही. मी फक्त म्हटलं, “बघ, काही जमतंय का.” त्याने जमवलं. साखरपुडा त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिला, ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभा राहून. मी तिथे कॉफी घ्यायला गेलो होतो, म्हणून मला माहीत आहे. दोन महिन्यांनी त्याने पेपर टाकले. एक्झिट इंटरव्ह्यूत त्याने ‘बेटर अपॉर्च्युनिटी’ असं लिहिलं. सगळे तेच लिहितात.

त्याची जागा भरायला किती वेळ आणि पैसा गेला ते त्या स्लाइडवर आलं नाही. येण्यासारखा रकानाच नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. १०० टक्के भरलेला तक्ता दिसला की तो कार्यक्षमतेचा पुरावा मानणं आपण बंद करायला हवं. विमानतळाचा असो, हॉस्पिटलच्या खाटांचा असो की आपल्या स्प्रिंटचा. तो तक्ता फक्त एवढंच सांगतो की आज काही बिघडलं नाही. आणि बिघडल्यावर किंमत कोण देणार हे आपण आधीच ठरवून ठेवलेलं असतं, ते त्या तक्त्यात लिहिलेलं नसतं इतकंच. बहुतेक वेळा तो सगळ्यात खालचा, सगळ्यात नवा, काउंटरवर उभा असलेला माणूस असतो.

या सोमवारी मी पुढच्या स्प्रिंटच्या प्लॅनमध्ये प्रत्येकाचा एक दिवस कोरा सोडलाय. मॅनेजरचा अर्ध्या तासात पिंग आला: “धिस लुक्स अंडर-युटिलाइज्ड?” मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहायचं ते ठरतंय. “साहेब, घाटात गाडी बंद पडली की सांगतो,” हे इंग्रजीत नीट जमत नाहीये. कुणाला जमलं तर कळवा.

आणि पुढच्या वेळी तुमचं विमान लेट झालं, बाहेर लख्ख ऊन असलं, आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली की येणारं विमान उशिरा येतंय, तर तिच्यावर विश्वास ठेवा. दोन तासांहून जास्त लेट असेल तर चहा-नाश्ता जरूर मागा, तो नियमाने मिळतो बहुतेक देशांतर्गत फेऱ्यांना. पण आवाज न चढवता मागा. ओरडायचंच असेल तर वेळापत्रक ज्याने भरलं त्याच्यावर ओरडा.

तो कदाचित तुमच्याच मागे रांगेत उभा असेल, लॅपटॉपची बॅग घेऊन.

असो. रविवार संपत आला. अण्णांना उद्या सकाळी स्वारगेटला सोडायचं आहे, गावी निघालेत. गाडी साडेसातची आहे, पण ते म्हणतात सहाला निघू.

या वेळी मी वाद घातला नाही.